गुलाबी अळीचं पंचांग

श्रावणातले कानबाईचे रोट होऊन आठवडा झाला असेल. आप्पा सकाळी वावरातून आले ते सदऱ्याच्या खिशात एक फूल घालून. ओट्यावर टेकले, फूल माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, "घे, गुलाब आणलाय तुला."

फूल कपाशीचं होतं. कपाशीचं फूल सकाळी पिवळट-पांढरं उमलतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी पडून मिटतं. हे मात्र उमललंच नव्हतं. पाकळ्यांना पीळ बसलेला, टोकं एकमेकींना चिकटलेली. नखानं एक पाकळी सोडवली तर रेशमासारखा बारीक धागा ताणला जाऊन तुटला. आत परागांच्या पिवळ्या भुशात भाताच्या शितापेक्षाही लहान अळी वळवळत होती. डोकं काळसर, अंग दुधी. गुलाबी रंगाचा पत्ता नाही, तो मोठेपणी चढतो. अशा न उमललेल्या फुलाला डोमकळी म्हणतात. आप्पांचा गुलाब तो हाच.

"पाकिटावर बीटी लिहिलेलं, आणि ही आत बसून जेवतेय," आप्पा म्हणाले. मग ओट्यावरून उठता उठता, "आते काय करानं?"

या प्रश्नाचं सरळ उत्तर द्यायला मला अख्खा पावसाळा लागला. ते इथे मांडतो.

कीटकांवरची पुस्तकं मी हौसेनं जमवतो. त्यांतली मांडणी बहुतेक ठिकाणी ठरलेली असते: मित्रकीटक आणि शत्रुकीटक. मधमाशी, रेशीमकिडा, लाखेचा किडा, मावा खाणारा ढालकिडा एका बाजूला. टोळ, वाळवी आणि तमाम बोंडअळ्या दुसऱ्या. गुलाबी बोंडअळीला या दोन खणांपैकी एकातही नीट बसवता येत नाही असं माझं मत झालं आहे. तिला तिसरा खण हवा, पाळलेल्या कीटकांचा. रेशीमकिडा आपण ठरवून पाळतो, ही अळी न ठरवता पाळली. तिला बारमाही चारा दिला, उन्हाळ्यात राहायला गोठा दिला, बोटीत बसवून परदेशी पाठवलं आणि शेवटी तिचं सुधारित वाणही तयार करून दिलं.

वाणापासूनच सुरू करू, कारण सगळा गैरसमज तिथे आहे.

गावात कुणालाही विचारा, "बीटी का चालेना?" उत्तर येतं, "अळीला सवय झाली." सवय म्हणजे कशी? तंबाखूची होते तशी. आधी चक्कर येते, मग पचते. ऐकायला पटतं, पण अळीच्या बाबतीत असं घडलेलं नाही. बीटीनं जी अळी मरते ती मरतेच. तिला सवय करून घ्यायला वेळच मिळत नाही.

बीटी म्हणजे बॅसिलस थुरिन्जिएन्सिस या मातीत राहणाऱ्या जिवाणूचं आखूड नाव. तो सापडला तोही माणूस आणि कीटक यांच्या जुन्या नात्यातूनच. जपानमध्ये रेशीमकिडे अचानक लुळे पडून मरत होते, त्याचं कारण शोधताना इशिवाता या शास्त्रज्ञाला १९०१ साली हा जिवाणू दिसला. दहा वर्षांनी जर्मनीत थुरिंजिया प्रांतातल्या पिठाच्या पतंगात बर्लिनर यांना तो पुन्हा सापडला आणि प्रांताचं नाव त्याला चिकटलं. हा जिवाणू एक प्रथिन तयार करतो. अळीच्या आतड्यात अल्कली वातावरण असतं, तिथे ते विरघळतं, आतड्याच्या अस्तरावरच्या ठराविक जागांना कुलपात किल्ली बसावी तसं जाऊन बसतं आणि अस्तराला भोकं पाडतं. अळीचं खाणं थांबतं, दोन-तीन दिवसांत ती मरते. माणसाचं किंवा म्हशीचं जठर आम्ल असतं आणि आपल्या आतड्यात ते कुलूपच नाही, म्हणून ती किल्ली आपल्याला लागत नाही. या प्रथिनाचं जनुक कपाशीत घातलं की झाड स्वतःच अळीनाशक बनवतं. भारतात अशा कपाशीला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि दोन प्रथिनांचं वाण २००६ मध्ये आलं.

आता लाखो अळ्या ही कपाशी खातात. त्यांच्यात एखादी जन्मतःच अशी असते की तिचं कुलूप जरा वाकडं आहे. किल्ली बसत नाही. बीटी येण्याआधी या वाकड्या कुलपाचा तिला काहीच फायदा नव्हता, थोडा तोटाच असेल. बीटीच्या शेतात मात्र बाकी सगळ्या मेल्या आणि ही एकटी उरली.

पुढचं कुठल्याही शेतकऱ्याला शिकवायला नको. ज्वारीच्या खळ्यावर आजा काय करायचा? भरदार, टपोऱ्या दाण्यांची कणसं निवडून बियाण्याला बाजूला बांधून ठेवायचा. ज्वारीला टपोरं होण्याची "सवय" लागत नव्हती. आजा निवडत होता, आणि दरवर्षी निवडत राहिला म्हणून वाण सुधारत गेलं. बीटीच्या शेतानं अळीचं नेमकं हेच केलं. वाकड्या कुलपाच्या अळ्या तेवढ्या बियाण्याला ठेवल्या, बाकीच्या वाटेला लावल्या. उन्हाळी दिवसांत अळीची एक पिढी महिनाभरात पुरी होते आणि एक मादी शंभर-दोनशे अंडी घालते. आज्याला वर्षातून एकदा निवड करता यायची, इथे हंगामात चार-पाच वेळा होते.

हा शोध नवा नाही. अमेरिकेतले ए. एल. मेलँडर यांनी १९१४ साली एक निबंध लिहिला, त्याचा मथळाच प्रश्न होता: कीटक फवारणीला दाद देईनासे होऊ शकतात का? फळझाडांवरचे खवले किडे चुना-गंधकाच्या फवाऱ्याला पुरून उरत होते, त्यावरून त्यांना तो पडला. रेचल कार्सन यांच्या १९६२ च्या 'सायलेंट स्प्रिंग'मध्ये तर एक आख्खं प्रकरण यावरच आहे. म्हणजे बीटी कपाशी आली तेव्हा हे होणार हे माहीत होतं, आणि त्यावर तोडही काढून ठेवली होती. ती तोड आमच्या घरी बरीच वर्षं फडताळात पडून होती.

बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं एक छोटं पाकीट यायचं, बिगर-बीटी बियांचं. कडेनं पाच ओळी त्याच्या लावा, असं सांगितलेलं असे. आप्पांनी ते कधीच लावलं नाही. "पैसे देऊन अळीला जेवण कोण घालेल?" हा त्यांचा सवाल, आणि गावातल्या नव्वद जणांचाही. दुकानदारानं कधी समजावलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

त्या पाच ओळींची गोष्ट स्थळ बघण्यासारखी आहे. अळीला गुण आई आणि बाप दोघांकडून येतो. वाकडं कुलूप दोन्हीकडून आलं तरच ती बीटीतून वाचते. एका बाजूनं जरी सरळ कुलूप आलं तरी बहुतेक वेळा मरते. समजा एका वावरातून वाचून दहाच पतंग बाहेर पडले, सगळे वाकड्या कुलपाचे. आजूबाजूला दुसरं कुणीच नाही. ते आपापसांतच जुळणार आणि त्यांची सगळी पोरं बीटी पचवणारी निघणार. पण कडेच्या पाच ओळींत हजार साध्या अळ्या खुशाल वाढल्या असतील तर? त्या दहांना जोडीदार मिळणार तो जवळजवळ नक्की त्या हजारांतलाच. पोरं मिश्र होणार आणि पुढच्या पिढीत बीटी खाऊन मरणार. अळीला जेवण घालायचं ते एवढ्यासाठी. अलीकडे ही बी पाकिटात मिसळूनच येते, म्हणजे लावायचं की नाही हा प्रश्नच ठेवला नाही. पण तोवर वाण तयार झालं होतं. गुजरातेत अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट या भागांत गुलाबी अळी पहिल्या प्रथिनाला जुमानत नाही हे २०१० मध्ये जाहीर झालं. पुढच्या चार-पाच वर्षांत दुसरंही गेलं. २०१७ च्या खरिपात या अळीनं आपल्याकडे काय केलं ते पंचनाम्याच्या रांगेत उभं राहिलेल्यांना सांगायला नको.

इथे एक गोष्ट मला बराच काळ कोडं वाटत होती. बीटी आणली गेली ती मुख्यतः हिरव्या, म्हणजे अमेरिकन बोंडअळीसाठी. नव्वदच्या दशकात तिनं कपाशी खाऊन फस्त केली होती, आठवड्याला फवारा मारूनही. तिच्यावर बीटी अजून बऱ्यापैकी चालतं. पाच ओळी तर तिच्यासाठीही कुणी लावल्या नव्हत्या. मग तीच का नाही सुटली?

उत्तर बांधापलीकडे आहे. हिरवी अळी काहीही खाते. तूर, हरभरा, टोमॅटो, ज्वारीचं कणीस, सूर्यफूल. खानदेशात कपाशीच्या शेजारी तूर असतेच, हिवाळ्यात हरभरा असतो. त्या पिकांत बीटी नाही, तिथे साध्या अळ्या मजेत वाढतात, पतंग होऊन कपाशीत येतात आणि स्थळं मिळत राहतात. तुरीच्या तासानं तिच्यापुरत्या पाच ओळींचं काम फुकटात केलं. गुलाबी अळी मात्र हट्टी. तिचं पोट कपाशीवर चालतं, फार तर भेंडीकडे वळते. आणि कपाशी म्हटली तर साक्रीपासून मुक्ताईनगरपर्यंत सगळी बीटीच. पळायला जागा नाही, साधं स्थळ नाही.

अजून एक भानगड आपल्या संकरित वाणातच आहे, आणि ही मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. संकरित झाडाला बीटीचं जनुक एकाच बाजूच्या पालकाकडून आलेलं असतं. झाड पूर्ण बीटी, पण त्याच्या बोंडातली सरकी ही पुढची पिढी, तिथे जनुकांची वाटणी होते. दोन प्रथिनांच्या वाणात हिशेबानं १६ सरक्यांपैकी ९ सरक्यांत दोन्ही प्रथिनं, ६ सरक्यांत एकच आणि एकीत काहीच नाही. गुलाबी अळी खाते ती सरकीच! म्हणजे एकाच बोंडात तिला कडू, कमी कडू आणि गोड असे सगळे घास मिळतात. कमी डोसवर निवड होत राहते. त्यात हंगामाच्या शेवटी झाड म्हातारं झालं की प्रथिनाचं प्रमाण उतरतं, आणि ही अळी नेमकी तेव्हाच जोरात असते. अमेरिकेत सरळ, म्हणजे संकर न केलेली, वाणं असल्यानं बोंडातली प्रत्येक सरकी बीटी असते. चीनमध्ये शेतकऱ्यांनी संकरिताची दुसरी पिढी पेरली, त्यामुळे शेतात बिगर-बीटी झाडं आपसूक विखुरली गेली आणि न लावता पाच ओळी लागल्या. आपल्या वाट्याला दोन्हींतली वाईट बाजू आली.

आता चारा आणि गोठा.

गुलाबी अळीचं वर्ष समजून घ्यायचं तर आपलंच पंचांग काढावं लागतं. थंडी पडायला लागली, दिवस लहान झाला की बोंडातली मोठी अळी कोषात न जाता झोपी जाते. दोन सरक्या धाग्यानं एकमेकींना जोडून त्यांच्या पोकळीत ती पडून राहते. वेचणीच्या वेळी सरकी हातात घेऊन बोटानं चोळली की ही जोड सरकी वेगळी कळते, जड आणि चपटी लागते. अशी अळी कवडीच्या, म्हणजे किडक्या, कापसातून घरात येते, घरातून जिनिंगमध्ये जाते, बांधावर रचलेल्या पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांच्या, वाळक्या बोंडांत उन्हाळा काढते. आपण पऱ्हाट्या चुलीसाठी नीट झाकूनही ठेवतो. गोठा याहून चांगला काय असेल?

उन्हाळा सरताना, पहिल्या पावसाच्या ओलाव्यानं तिला जाग येते. कोष, मग पतंग. पतंगाचं आयुष्य एक-दोन आठवडे. या एक-दोन आठवड्यांत त्याला कपाशीची फूलपाती, म्हणजे कळी, सापडली तर वंश पुढे, नाही सापडली तर संपला. निसर्गानं दिलेली ही एकच फट आहे, आणि ती आपण आखाजीलाच, म्हणजे अक्षय्य तृतीयेलाच, बुजवतो. आखाजी झाली की ठिबकवाल्यांची लावण सुरू. जळगाव जिल्ह्यात तापीकाठानं, चोपडा-यावल-रावेरकडे विहिरींना पाणी आहे, त्यामुळे मे महिन्यात पूर्वहंगामी कपाशी उभी राहते आणि पतंग बाहेर पडतात तेव्हा तिला पाती लागलेली असते. त्या वावरांतल्या डोमकळ्यांत पहिली पिढी तयार होते आणि कोरडवाहूला फुलं येईपर्यंत दुसरी. आप्पांची कपाशी जूनच्या पावसावरची. त्यांच्या फुलातली अळी बहुधा कुणाच्या तरी ठिबकच्या पाण्यावर वाढलेल्या आजीची नात असणार. मध्यंतरी काही वर्षं १ जूनआधी कपाशीचं बियाणं शेतकऱ्याला विकू नका असा आदेश निघाला तो यासाठीच. बांधाबांधावर त्याला शिव्या पडल्या. मीही दिल्या आहेत.

दुसरं टोक फरदडीचं. डिसेंबरात पीक संपायला हवं, पण विहिरीत पाणी आहे, पाटाला आवर्तन सुटणार आहे, भावही चढताहेत, मग एक पाणी देऊन दोन वेचण्या अजून काढू असं वाटतं. कपाशी मार्चपर्यंत उभी. आमच्याकडे हिरव्या बोंडाला कैरी म्हणतात. फरदडीच्या त्या उशिराच्या कैऱ्या म्हणजे अळीला हिवाळ्यातली शिधावाटपच. दोन-तीन क्विंटल कापूस हाती येतो, त्यातला निम्मा कवडी, आणि पुढच्या जूनचं बियाणं, म्हणजे अळीचं, गावभर पेरून होतं.

फवाऱ्याबद्दल थोडक्यात, कारण त्यावर पैसा सगळ्यांत जास्त जातो आणि उपयोग सगळ्यांत कमी. अंड्यातून निघालेली अळी काही तासांत कैरीत शिरते आणि शिरल्याचं छिद्र मागे भरून येतं. बाहेरून कैरी निरोगी, हिरवीगार. आत ती सुरक्षित. फवारा पानांवर, अळी घरात. मेले तर मित्रकीटक मरतात आणि मग पांढरी माशी डोकं काढते.

बोटीतल्या प्रवासाची गोष्ट सांगायची राहिली. या अळीची पहिली शास्त्रीय नोंद आपल्या शेजारचीच आहे. १८४२ साली भडोचला सरकारी कपाशीच्या मळ्यांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यानं नुकसान करणाऱ्या किड्याचे नमुने इंग्लंडला पाठवले आणि सॉन्डर्स यांनी त्याला 'गॉसिपिएला' हे नाव दिलं. कपाशीच्या शास्त्रीय नावावरूनच. नंदुरबारहून भडोच किती लांब? विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भारतातून गेलेल्या सरकीतून ती इजिप्तला पोचली, इजिप्तच्या सरकीतून १९११ च्या सुमारास मेक्सिकोला, आणि १९१७ मध्ये टेक्सासमध्ये सापडली. एवढासा राखी पतंग समुद्र ओलांडू शकत नाही. झोपलेली अळी जोड सरकीत बसून गेली, भाडं आपण भरलं.

अमेरिकेनं तिला २०१८ मध्ये देशातून पुरतं हद्दपार केल्याचं जाहीर केलं. कसं? कापणीनंतर पऱ्हाट्या गाडण्याची सक्ती, बीटी, आणि प्रयोगशाळेत वाढवून किरणोत्सारानं वांझ केलेले पतंग. असे ११०० कोटींहून जास्त पतंग विमानांतून कपाशीवर सोडले. शेतातल्या मादीला जोडीदार मिळे तो वांझ. पुन्हा तीच स्थळांची गोष्ट, फक्त उलटी केलेली. तिकडे एकेक शेत शेकडो एकरांचं, मालक मोजके. आपल्याकडे एका शिवारात तीनशे खातेदार, आणि त्यातल्या एकानं फरदड ठेवली तरी बाकीच्यांची मेहनत पाण्यात.

विमान नाही, पण स्थळं बिघडवायचा एक उपाय इथेही आहे. मादी ज्या गंधानं नराला बोलावते तो गंध १९७३ मध्ये शास्त्रज्ञांनी ओळखला. कामगंध सापळ्यातली ती रबराची गोळी म्हणजे नकली मादी. हेक्टरी पाच सापळे लावायचे आणि सकाळी पतंग मोजायचे. सलग तीन दिवस सापळ्यात आठ किंवा जास्त सापडले की समजायचं, वेळ आली. सोबत एकरात इकडून तिकडून वीस कैऱ्या तोडून फोडायच्या. दोनांत अळी दिसली तरी नुकसानीची पातळी गाठली. डोमकळ्या दिसतील तेव्हा तोडून नष्ट करायच्या, बांधावर फेकायच्या नाहीत. सापळा दोन-चार जणांनी लावून भागत नाही, शिवारानं लावावा लागतो. आमच्याकडे गेल्या वर्षी एकवीस जणांनी लावले, त्यातल्या सहांनी गोळी बदलली. ती ठराविक दिवसांनी बदलावी लागते हे बाकीच्यांना उशिरा कळलं. आमच्या सापळ्यात तर पंधरा दिवस कोळ्यानं जाळं विणलेलं होतं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आप्पांनी मला वावरात बोलावलं. विहिरीत पाच परस पाणी होतं. झाडांवर वरच्या फांद्यांना हिरव्या कैऱ्या लटकलेल्या, बघून कुणालाही मोह पडावा. आप्पांनी एक पाणी द्यायचं मनात धरलं होतं, चेहऱ्यावरून कळत होतं. मी काही बोललो नाही. त्यांनीच खिशातून अडकित्ता काढला आणि वीस कैऱ्या तोडून बांधावर मांडल्या. एकेक फोडत गेले. पहिल्या तीन कोऱ्या निघाल्या, तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं. चौथीत होती, आता चांगली गुलाबी, अंगठ्याच्या नखाएवढी. अकरावीपर्यंत त्यांनी मोजणं सोडलं, पण वीसही फोडल्या. तेरा.

अडकित्ता धोतराला पुसून त्यांनी रोटाव्हेटरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, गव्हाच्या पेरण्या चालल्यात, तुमचा नंबर सातवा.